ओटी राखणे म्हणजे काय?

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्थानकांच्या मध्ये आमची चिखलोली आहे. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला धरण, आणि आता होऊ घातलेले नवे रेल्वेस्थानक. स्थानक मंजूर झाल्यापासून येथे इमारतींमागून इमारती उठत आहेत. त्यांत राहावयास आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांपैकी पुष्कळांचे आणखी एक घर दुसरीकडे असते : कोणाचे वसईत, कोणाचे माझगाव-गिरगावात, कोणाचे गोव्यात. घर म्हणण्यापेक्षा घरातला हिस्सा म्हणावा. रविवारचा मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पटांगणात दोन घटका उभे राहिले की या हिश्शांच्या गोष्टी निघतात. कौले गळतात, वाशांना वाळवी लागली, धाकटा भाऊ ऐकत नाही, बिल्डर घिरट्या घालतो. आणि दुरुस्तीचा विषय निघाला की गाडी हटकून एका ठिकाणी येऊन थांबते. पुढच्या ओटीचे काय करायचे?

या प्रश्नाकडे आजवर आपण खर्चाचा प्रश्न म्हणून पाहत आलो. आम्हांस तो समीक्षेचाही प्रश्न वाटतो. कवितेची समीक्षा होते, नाट्यप्रयोगाची होते. मग दुरुस्त केलेल्या ओटीची का होऊ नये? दुरुस्ती करणाराही एक जुनी संहिता वाचत असतो, तिचा अर्थ लावत असतो, आणि तो अर्थ चुकू शकतो.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या एका आप्तांनी वसईकडील आपल्या वडिलोपार्जित घराचा जीर्णोद्धार केला. जीर्णोद्धार हा त्यांचाच शब्द. आम्ही सहकुटुंब पाहावयास गेलो. कौले उतरवून पुन्हा शाकारलेली होती. ओटीचे सागवानी खांब घासून, पॉलिश करून आरशासारखे केलेले होते. वळचणीची लाकडी नक्षीदार झालर, जिचे दोन-तीन तुकडे आमच्या लहानपणापासून गळून पडलेले होते, ती नव्याने कापून पूर्ण केलेली होती. भिंतींना सिमेंटचा गिलावा, खाली गुळगुळीत लाद्या, आणि खांबांच्या मधल्या चारही गाळ्यांत अॅल्युमिनियमच्या चौकटीतल्या सरकत्या काचा. धूळ नाही, मांजर नाही, पावसाची झड नाही. यजमानांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून आम्ही मनापासून अभिनंदन केले. निघताना फाटकाबाहेर पाहतो तो घरातील आजी, वय नव्वदीच्या घरात, रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या. "आत काय दिसतं गो? कोण येतं, कोण जातं, काय कळत नाय," त्या आमच्या घरातल्यांना म्हणाल्या.

त्या घरातला एकही खांब गेला नव्हता. उलट, नव्हते तेही जोडले गेले होते. तरीसुद्धा ज्या कारणासाठी त्या आजी साठ-सत्तर वर्षे तेथे बसत आल्या, ते कारण शिल्लक राहिले नव्हते. हे नेमके कोठे चुकले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी शब्दांकडे पाहू. कोकणातल्या घरात अंगणातून आत शिरताना प्रथम पडवी लागते, मग एक पायरी वर ओटी, मग माजघर. देशावर ओसरी म्हणतात, कोल्हापूरकडे सोपा, वाड्यांना देवडी आणि ढेलज. एवढे शब्द असण्याचे कारण उघड आहे. घर आणि रस्ता यांच्या दरम्यान जी जागा असते, तिच्या एकेका पायरीला आपल्या लोकांनी वेगळे नाव दिले, कारण कोणी कोणत्या पायरीपर्यंत यावे हे ठरलेले असे. भटाला दिली ओसरी ही म्हण सर्वांना पाठ आहे. तिच्यातला टोमणा बाजूला ठेवला, तर एक रिवाज तीत नोंदलेला दिसतो : आलेल्याला प्रथम ओसरी द्यायची असते.

मराठी बायबल वाचणाऱ्याला तर हे शब्द परके नाहीत. यरुशलेमच्या मंदिरातली शलमोनाची देवडी आपल्याला ठाऊक आहे. प्रभू येशू हिवाळ्यात तेथे फिरत होता असे योहान सांगतो, आणि पुढे प्रेषितांच्या भोवती लोक जमले तेही तेथेच. बेथेस्दाच्या तळ्याभोवतीच्या पाच पडव्या आपण लहानपणापासून ऐकत आलो. यरुशलेमच्या संत अॅनाच्या चर्चशेजारी झालेल्या उत्खननात तेथे एकाला लागून एक अशी दोन तळी आढळली. चार बाजूंना चार आणि मधल्या बांधावर पाचवी, असा पाच पडव्यांचा उलगडा अभ्यासकांनी त्यावरून केला. आमचे लक्ष वेधून घेतले ते वेगळ्या गोष्टीने. अडतीस वर्षे आजारी असलेला तो माणूस पडून होता तो पडवीत. आत घ्यायला कोणी नाही, आणि बाहेर उन्हापावसात टाकूनही दिलेला नाही, अशा माणसाला जागा असते ती ही.

आपल्या घरांच्या ओटीवर काय काय झाले, याची यादी करू गेलो तर अंक पुरणार नाही. दुपारी कोळीण टोपली टेकवी ती ओटीच्या पायरीवर. भाताची कणगी तेथे, शेजाऱ्याचे गाऱ्हाणे तेथे. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणावयास निघायचे ते बँडच्या तालावर ओटीसमोरून, आणि परत येऊन विसावायचे तेही तेथेच. ऑक्टोबर महिन्यात रोजरीसाठी आळी जमली की बायका आत, पोरे पायरीवर, आणि म्हातारे खांबाला टेकून. शेवटी शवपेटी उचलली जाते, तेव्हाही ती क्षणभर ओटीवर थांबते. या प्रत्येक प्रसंगात ओटी उघडी आहे. बंद ओटीवर यांतला एकही प्रसंग घडत नाही. त्याला दार ठोठावावे लागते.

गोव्यात या जागेला बाल्कांव म्हणतात. शब्द पोर्तुगीज, दोन बाजूंना बसण्यासाठी बांधून काढलेले जे दगडी बाक असतात त्यांना मात्र सोपो हे कोकणी नाव. घरापुढे काढलेल्या चार-सहा पायऱ्या, वर खांबांवर तोललेले कौलारू छप्पर, समोरासमोर दोन सोपे, आणि मध्ये दारापर्यंत वाट. मुंबईत, आफ्रिकेत आणि बोटींवर कमावलेला पैसा गावात परतला, तेव्हा घराच्या याच भागावर हौसेने खर्च झाला, आणि प्रत्येक घराची ऐपत रस्त्यावरून वाचता येऊ लागली.

गोव्यातील घरांच्या जतनाविषयी गेल्या पंचवीस वर्षांत जे काम झाले, ते महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाला लाजवील असे आहे. १९९९ साली हेता पंडित आणि अॅनाबेल मास्करेन्यस यांचे 'हाऊसेस ऑफ गोवा' हे पुस्तक निघाले. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी पर्वरीजवळ तोर्डा येथे जहाजाच्या आकाराच्या इमारतीत त्याच नावाचे संग्रहालय उभारले. घर हे अभ्यासाचा विषय असू शकते, ही जाण या दोन कृतींनी सामान्य वाचकापर्यंत नेली. त्यांचे ऋण मान्य करूनही आमची एक तक्रार आहे, आणि ती त्या पुस्तकाविषयी नसून त्यानंतर निघालेल्या एकूण छायाचित्री साहित्याविषयी आहे. त्यातले बाल्कांव रिकामे असतात. सकाळचे कोवळे ऊन, घासलेली फरशी, कुंडीत एखादे फूल, आणि माणूस औषधालाही नाही. हॉटेलवाल्यांनी आणि दुसऱ्या घराच्या शोधात आलेल्या शहरी खरेदीदारांनी नेमके हेच चित्र उचलले. आज गोव्यात असे कितीतरी बाल्कांव दिसतात की ज्यांचे खांब, सोपे, कौले सारे बिनचूक आहे, आणि वर्षातले दहा महिने त्यांच्या फाटकाला कुलूप आहे.

याच्या उलट लोटलीचे मारियो मिरांडा (१९२६-२०११). त्यांनी वास्तूचे अचूक मोजमाप कधी घेतले नसेल. त्यांचे खांब वाकडे, छप्परे तिरपी, कुत्री घराएवढी. पण त्यांच्या गावचित्रांत बाल्कांव माणसांनी भरलेला असतो. पोट सुटलेला गृहस्थ, पंखा हलवणारी बाई, रस्त्यावरून जाणाऱ्या पाद्रीसाहेबांना हाक मारणारे कोणीतरी. जतनाच्या कामासाठी एकच कागद निवडायचा झाला, तर आम्ही मोजमापाच्या नकाशाआधी मारियोंचे चित्र भिंतीवर टांगू. काय राखायचे आहे ते त्यात दिसते. कसे राखायचे ते मात्र त्यात नाही. त्यासाठी कारागिराकडेच वळावे लागेल.

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीविषयी युरोपात दीडशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. १८४९ साली इंग्रज लेखक जॉन रस्किन यांनी जीर्णोद्धार हे एक असत्य आहे, असा टोकाचा पवित्रा घेतला. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक यांचा पक्ष अगदी विरुद्ध : इमारत कधीच नव्हती इतकी पूर्ण करावी, असा. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेने मधला मार्ग काढला. जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे तिचे नववे कलम सांगते; नवा तुकडा जुन्यात सामावून जावा पण ओळखू यावा, असे बारावे. आमच्या आप्तांच्या झालरीला हा निकष लावून पाहावा. गळालेले तुकडे शेजारच्या तुकड्यांवरून कापले, म्हणजे तर्क फारसा नव्हता. ते आम्हांस मान्य आहे. पण सगळे एकाच रंगात बुडवल्यामुळे आजोबांच्या सुताराचे काम कोणते आणि गेल्या वर्षीचे कोणते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

खांबांचीही तीच गत. ओटीचा लाकडी खांब सडतो तो नेहमी तळाशी, जेथे पावसाचे पाणी आणि दगडी तळखडा यांची गाठ पडते. वरचे सहा-सात फूट लाकूड ठणठणीत असते. जाणता सुतार छपराला तात्पुरता टेकू देतो, तळचा सडका हातभर भाग कापून काढतो, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा खाच पाडून सांधतो आणि खांब पुन्हा तळखड्यावर बसवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने २००६ साली जुन्या लाकडी ओट्यांच्या जतनावर एक स्वतंत्र पुस्तिका काढली. तिचाही रोख असाच आहे, की दुरुस्त होण्याजोगे असेल ते बदलू नये. आपल्या कंत्राटदारांचा कल नेमका उलटा असतो, कारण सांधा करणारा सुतार मिळत नाही आणि नवा खांब उभा करणे त्यांना सोपे पडते. सिमेंटच्या गिलाव्याविषयी तर इशाराच द्यावा लागेल. चुन्यात बांधलेली जुनी भिंत जमिनीतली ओल शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत सोडते. तिच्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, वर चढते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत क्षारांमुळे गिलावा फुगून पापुद्रे सुटतात. मग भिंतच खराब होती असा निष्कर्ष काढून ती पाडली जाते.

या कामासाठी आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे : डागडुजी. जीर्णोद्धार म्हटले की कोनशिला, नामफलक आणि भोजन आलेच. डागडुजीत कसला थाट नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चार कौले बदलायची, पन्हळ साफ करायची, खांबाच्या तळाला तेल पाजायचे. व्हेनिसच्या सनदेचे चौथे कलम नियमित देखभालीवर भर देते, ते दुसरे काय सांगते? आपल्या आजोबांना सनद ठाऊक नव्हती. तरी त्यांची ओटी शंभर वर्षे टिकली.

मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली. अशा प्रकारची ती देशातील पहिली. गिरगावातील खोताची वाडी तिच्या छत्राखाली आली. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरे बांधली, म्हणून हे नाव. लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, कोरीव कठडे, आणि दोन घरांमध्ये जेमतेम दोन माणसे जातील एवढी गल्ली. एकेकाळी येथे अशी ६५ घरे होती असे सांगतात. आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. लोकमान्यांचे सहकारी काका बाप्टिस्टा ज्या माझगावच्या माथारपाखाडीचे, तिची कथा फारशी निराळी नाही. यादीत नाव लागल्याने पाडकाम लांबते, काही वेळा थांबतेही, आणि एवढ्यासाठी यादी हवीच. परंतु चार भावांच्या सह्या एका कागदावर आणण्याची ताकद कोणत्याही यादीत नसते. खोताच्या वाडीत जी घरे आजही उत्तम स्थितीत आहेत, तेथे कोणीतरी राहते, आणि संध्याकाळी व्हरांड्यात बसते. पर्यटक फोटो काढतात त्याचा त्यांना त्रास होतो, हे आम्ही समजू शकतो. पण त्या फोटोत माणूस असतो, ही जमेची बाजू.

येथवर ओटीचे गोडवे गायल्यावर एका गोष्टीकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओटी सर्वांची नव्हती. गोव्यातल्या भाटकाराच्या बाल्कांवाच्या पायऱ्या त्याचा मुंडकार सहसा चढत नसे. तो खाली, टोपी हातात घेऊन उभा राही. मुंडकारांना निष्कासनापासून संरक्षण देणारा कायदा व्हायला १९७५ साल उजाडावे लागले. आपल्याकडेही कोणाला ओटीवर पाट मिळे, कोणाला पायरी, आणि कोणाला अंगणातच ओंजळीत वरून पाणी. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ही उतरंड धुऊन निघाली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. जुन्या घरांवरच्या लेखनात हा भाग क्वचितच येतो. पायऱ्या राखताना, त्या पायऱ्यांवर कोण कोठे थांबत असे हेही घरातल्या मुलांना सांगितले पाहिजे, नाहीतर आपण दगड राखू आणि इतिहास गाळून टाकू. आमच्या आजोळी अंगणाच्या कोपऱ्यात एक दगड होता. त्यावर कोण बसत असे, हे विचारल्यावर मामा विषय बदलत. दुरुस्तीच्या वेळी तो दगड उचलून टाकण्यात आला. आता वाटते, तो तेथेच राहावयास हवा होता.

आता काचा आणि जाळ्यांविषयी. ओटी बंदिस्त करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, आणि शहरातून रविवारी भेटीला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना तर फारच सोपे. मुलगा लग्नाचा झाला, खोली नाही. रस्ता रुंद झाला, ओटीवर ट्रकची धूळ येते. घरात दोघेच म्हातारे, रात्री भीती वाटते. ही कारणे खरी आहेत. व्हेनिसच्या सनदेचे अकरावे कलम प्रत्येक काळाने घातलेली रास्त भर मानावी असे सांगते. त्या न्यायाने तीस वर्षांपूर्वीची लोखंडी जाळीही घराच्या इतिहासाचा भाग ठरू शकते. आमचे मत थोडे व्यवहारी आहे. जाळी एकवेळ परवडली. तिच्यातून वारा येतो, हाक जाते, आणि पुढेमागे ती काढता येते. कमरेएवढ्या उंचीचे फाटक तर बऱ्याच जुन्या ओट्यांना होतेच. काच मात्र ओटीला खोली करून टाकते. खोली हवी असेल तर ती घराच्या मागे वाढवावी. परसू तेवढा तग धरू शकतो.

या बाबतीत कायद्यानेही आपल्याला वाईट सवय लावली. मुंबईच्या १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनीचा काही भाग चटईक्षेत्राच्या हिशोबातून वगळलेला होता, आणि शुल्क भरून ती बंद करून घेण्याचीही मुभा होती. परिणामी एका पिढीने बाल्कनी पाहिली ती खोलीचा वाढीव तुकडा म्हणूनच. तीच दृष्टी घेऊन आपण गावच्या ओटीकडे जातो.

आमच्या चिखलोलीपासून अंबरनाथचे शिवालय फार दूर नाही. शिलाहारांच्या काळात, १०६० साली पूर्ण झालेल्या त्या मंदिराच्या सभामंडपाला तीन बाजूंनी दारे आहेत आणि प्रत्येक दारापुढे खांबांवर तोललेला प्रवेशमंडप. आमच्या परिसरातली सर्वांत जुनी ओटी म्हणायची ती हीच. साडेनऊशेहून अधिक वर्षे झाली, काळा दगड झिजला, मूर्ती भंगल्या, शिखराचा वरचा भाग राहिला नाही. पण कोणी ते प्रवेशमंडप भिंत घालून बुजवले नाहीत. शेजारून वाहणाऱ्या वालधुनीचे जे झाले ते मात्र पाहवत नाही. असो.

वसईच्या त्या आप्तांशी आमचे यावर बोलणे झाले. प्रथम ते दुखावले. एवढा पैसा ओतल्यावर कोणीही दुखावेल. नंतर त्यांच्याच धाकट्या मुलीने हिशोब मांडला की चौकटी स्क्रूने बसवलेल्या आहेत, खांबांना छिद्रे पडली आहेत तेवढीच. मे महिन्यात तिचे लग्न आहे, आणि पाण्याची मिरवणूक काचेच्या दारातून कशी आत घ्यायची हा प्रश्न तिलाही पडलेला होता. मधले दोन गाळे लग्नापूर्वी मोकळे करायचे, टोकाचे दोन तसेच ठेवायचे, असे ठरले आहे. भिंतीचा सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करायचा विचार आहे, पण चुना मळणारा गवंडी अजून सापडलेला नाही. आजींना यातले काही विचारले गेले नाही. खुर्ची अद्याप फाटकाबाहेरच आहे.